आकडे वर जातात, खाली येत नाहीत: रोग-सर्वेक्षण यंत्रणांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा आणि शहर पातळीवरच्या रोग-सर्वेक्षण कक्षांचे प्रमुख, आणि आरोग्य विभागांची आकडेवारी सांभाळणारे सर्व अधिकारी

स.न.वि.वि.

दर आठवड्याला कोणीतरी घरोघर फिरून तापाच्या रुग्णांची नोंद घेते. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ नमुन्यांचे निकाल भरतो. दवाखान्यातला डॉक्टर संशयित रुग्णांचा तक्ता पाठवतो. हे सगळे वर जाते, तिथे त्याची बेरीज होते, मग बेरजांची बेरीज होते. शेवटी लोकांपुढे येतात एक आकडा, एक रंगीत नकाशा आणि 'परिस्थिती नियंत्रणात आहे' हे वाक्य. वस्तीनिहाय साप्ताहिक तक्ते काढून टाकायचे आणि त्यांच्या जागी चकचकीत डॅशबोर्ड ठेवायचा, ही पद्धत आता इतकी रुळली आहे की जुना तक्ता मागणाराच विचित्र ठरतो. या पत्राला निमित्त तेच आहे.

आम्ही या आकड्यांवर काम करणारी माणसे आहोत. कोणी साथरोगांचा अभ्यास करतो, कोणी प्रयोगशाळेत आहे, कोणी वस्त्यांमध्ये लोकांना सोबत घेऊन पाहणी करतो. तुमचा तक्ता अर्धवट आला की डासांविरुद्धची मोहीम चुकीच्या गल्लीत जाते आणि संशोधन चुकीच्या प्रश्नाभोवती फिरत राहते. म्हणून हे जाहीरपणे लिहीत आहोत. रोष कोणा एका कार्यालयावर नाही, सवयीवर आहे.

१८५४ च्या लंडनमधली ब्रॉड स्ट्रीटची कॉलऱ्याची साथ तुम्हा सर्वांना पाठ आहे. दूषित पाणी बंद व्हावे म्हणून तिथल्या सार्वजनिक पंपाचा दांडा काढल्याची गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात सांगतात. त्यातला आम्हाला महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. जॉन स्नो या डॉक्टरांनी जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयाकडे कॉलऱ्याच्या मृत्यूंची यादी मागितली आणि कार्यालयाने ती दिली. साथ भडकल्यावरच्या तीन दिवसांतले ८३ मृत्यू त्यांनी पत्त्यांसह तपासले. ८ सप्टेंबरला दांडा निघाला. पुढचा शोध हेन्री व्हाइटहेड या तिथल्याच तरुण पाद्र्याचा. त्याला स्नो यांचे म्हणणे आधी पटले नव्हते, पण तो घरोघर ओळखीचा होता आणि पुन्हा पुन्हा जाऊन विचारत राहिला. मृत्यूंच्या नोंदी चाळताना त्याला ४० ब्रॉड स्ट्रीट इथल्या एका तान्ह्या बाळाची नोंद दिसली. बाळाचे आजारपण साथीच्या आधी सुरू झाले होते, त्याची दुपटी धुतलेले पाणी घराच्या शोषखड्ड्यात जात होते आणि खोदल्यावर तो खड्डा त्या पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांच्या आत निघाला. कार्यालयाची यादी आणि वस्तीतल्या माणसाची ओळख एकत्र आली तेव्हा मूळ सापडले. आज तीच यादी मागितली तर 'अर्ज करा, समिती बघेल' असे उत्तर येते.

अमेरिकन साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगम्यूर यांनी १९६३ मध्ये रोग-सर्वेक्षणाची जी व्याख्या मांडली तिच्यात माहिती गोळा करणे, एकत्र करणे आणि तपासणे यांच्यासोबत, ज्यांना ती कळायला हवी त्या सर्वांपर्यंत नियमित पोहोचवणे हेही होते. पहिली कामे तुम्ही करता. शेवटचे राहून जाते.

आता तक्रारी.

सर्वांत आधी तारीख. तुमचे बहुतेक आलेख नोंद झाल्याच्या तारखेवर काढलेले असतात, लक्षणे सुरू झाल्याच्या तारखेवर नाहीत. डेंग्यूचेच घ्या. डास चावल्यापासून ताप यायला ४ ते १० दिवस लागतात. ताप आल्यावर माणूस दोन-तीन दिवस घरीच काढतो. पहिल्या पाच दिवसांत आला तर विषाणूचाच अंश शोधणाऱ्या एनएस-१ चाचणीत सापडतो, त्यानंतर आला तर शरीरात उशिरा तयार होणाऱ्या आयजीएम प्रतिपिंडांची वाट पाहावी लागते. या तपासणीच्या एलायझा पद्धतीत वापरायच्या प्लेटमध्ये ९६ खाचा असतात, आणि दोन-चार नमुन्यांसाठी प्लेट लावणे परवडत नाही म्हणून नमुने साठेपर्यंत थांबतात. निकाल लागला की नोंद, नोंदीनंतर आठवडा संपायची वाट, मग अहवाल. या हिशेबाने नकाशावरचा लाल ठिपका साधारण तीन आठवड्यांपूर्वीच्या डासाचा असतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला अनुकूल हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे तेवढ्यात नवी पिढी उडू लागलेली असते. ठिपका दिसल्यावर तिथे धुराचे यंत्र पाठवणे हा मुख्यतः फोटोचा कार्यक्रम ठरतो. आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून घासून कोरडी करणे, हे काम मात्र ठिपक्याची वाट न पाहता चालू ठेवता येते. ते कोणत्या भागात आधी करायचे हे गेल्या काही वर्षांचे आठवडेवार तक्ते सांगतात. पण ते तक्ते आमच्याकडे नाहीत.

तारखेचाच दुसरा घोटाळा आलेखाच्या उजव्या टोकाला असतो. शेवटचे दोन आठवडे नेहमी उतरते दिसतात, कारण त्या आठवड्यांचे रुग्ण अजून नोंदीपर्यंत पोहोचलेलेच नसतात. हा उतार पाहून 'साथ ओसरली' असे जाहीर होते आणि पंधरा दिवसांनी तोच आठवडा उंच झालेला दिसतो. यावर उपाय जुना आणि सोपा आहे. एखाद्या आठवड्यात लक्षणे सुरू झालेल्या रुग्णांपैकी किती जण पहिल्या आठवड्यात नोंदले जातात, किती दुसऱ्या, किती तिसऱ्या, याचा मागच्या वर्षभराचा तक्ता मांडा. पहिल्या आठवड्यात साधारण ४० टक्केच येत असतील तर आज हाती असलेल्या ३० नोंदींमागे ७५ रुग्ण असावेत असा अंदाज निघतो. तो जमत नसेल तर निदान शेवटच्या दोन आठवड्यांचे स्तंभ फिके रंगवा आणि खाली 'अपूर्ण' लिहा.

दुसरी तक्रार निरंक अहवालाची. 'निरंक' म्हणजे पाहिले आणि रुग्ण सापडला नाही. रिकामा रकाना म्हणजे अहवालच आला नाही. बेरीज करताना संगणक दोन्ही शून्यच धरतो. समजा गेल्या आठवड्यात २० पैकी २० केंद्रांनी अहवाल दिला आणि ६० रुग्ण होते. या आठवड्यात १२ केंद्रांनीच दिला आणि ३६ रुग्ण आहेत. बातमी होते, रुग्णांत ४० टक्के घट. प्रत्यक्षात दर केंद्रामागे तेव्हाही तीन होते आणि आताही तीनच आहेत. आणि गप्प राहिलेली आठ केंद्रे कोणती? बहुधा तीच, जिथे कर्मचारी कमी आहेत आणि रुग्णांचा लोंढा जास्त.

हे जमणारच नाही असे कोणी म्हणू नये. पोलिओच्या कामात हे जमले आहे. तिथे पंधरा वर्षांखालच्या मुलांत अचानक आलेल्या लुळेपणाची प्रत्येक नोंद घेतात, आणि पोलिओ नसलेल्या लुळेपणाच्या दर लाख मुलांमागे वर्षाला किमान एक-दोन नोंदी आल्याच पाहिजेत अशी अट असते. त्याहून कमी आल्या तर 'छान, आजार नाही' असे कोणी म्हणत नाही, 'तुम्ही शोधत नाही आहात' असे म्हणतात. लुळेपणा आल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घ्यायचे आणि असे पुरेसे नमुने ८० टक्के मुलांचे तरी मिळाले पाहिजेत. भारतातला वन्य विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, आणि पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र २७ मार्च २०१४ चे. मधली तीन वर्षे शून्यावर विश्वास ठेवता आला तो या मोजमापामुळे. इतर आजारांच्या तक्त्यात 'अपेक्षित केंद्रे' आणि 'आलेले अहवाल' हे दोन रकानेही नसतात.

छेदाबद्दल, म्हणजे रुग्ण किती लोकांमागे मोजले त्याबद्दल, थोडक्यात. ८०,००० लोकांच्या भागात ४० रुग्ण म्हणजे लाखामागे ५०. ६,००० लोकांच्या वस्तीत १२ रुग्ण म्हणजे लाखामागे २००. तुमच्या नकाशावर पहिला भाग गडद लाल असतो आणि दुसरा फिका. उलट ९०० लोकांच्या पाड्यावर एकच रुग्ण सापडला तर दर १११ होतो आणि पाडा बदनाम होतो. म्हणून छोट्या वस्त्यांसाठी एका आठवड्याऐवजी चार-सहा आठवड्यांची बेरीज द्या आणि कोणत्या वर्षाची लोकसंख्या धरली तेही लिहा. चाचण्यांचा आकडाही हवाच. ३०० जणांना तपासून एकही सापडला नाही, तरी खरे प्रमाण एक टक्क्यापर्यंत असू शकते. तीसच तपासले असतील तर दहा टक्क्यांपर्यंत. 'शून्य रुग्ण' म्हणताना किती तपासले हे वगळले की त्या शून्याला अर्थ उरत नाही.

हद्दीचा प्रश्न सर्वांत कमी बोलला जातो, म्हणून त्यावर जरा थांबू.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात फ्लिंट नावाचे शहर आहे. तिथे एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलून नदीचे पाणी सुरू केले. नळ गंजू नयेत म्हणून घालायचे रसायन घातले नाही आणि जुन्या जोडण्यांतले शिसे पाण्यात उतरू लागले. लोक बाटल्यांत गढूळ पाणी भरून सभांना येत होते. मुलांच्या रक्तातल्या शिशाच्या चाचण्यांचे निकाल राज्याच्या आरोग्य विभागाकडे नियमाने जमा होत होते. म्हणजे माहिती घरातच होती. तरी सप्टेंबर २०१५ मध्ये हे आकडे जाहीरपणे मांडले ते डॉ. मोना हॅना-अतिशा या बालरोगतज्ज्ञाने, रुग्णालयातल्या नोंदी वापरून. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचे प्रमाण २.४ वरून ४.९ टक्के झाले होते. सरकारी बाजूने आधी ते खोडून काढले गेले, मग स्वतःचीच आकडेवारी नीट पाहिल्यावर मान्य झाले. ऑक्टोबरमध्ये पाण्याचा स्रोत पुन्हा बदलला.

यातली बारीक गोष्ट अशी. 'फ्लिंट' असा पत्ता आणि टपालाचा क्रमांक असलेल्या घरांचा मोठा भाग शहराच्या हद्दीबाहेर होता आणि त्या घरांना शहराचे पाणी येतच नव्हते. टपालाच्या क्रमांकावरून गट पाडले की बाधित आणि अबाधित मुले एकाच टोपलीत पडत आणि वाढ पातळ होऊन जाई. प्रत्येक पत्ता नकाशावर ठेवून तो जलवाहिनीच्या हद्दीत आहे की बाहेर हे पाहिल्यावर चित्र स्पष्ट झाले. तुम्हीही प्रभाग, पिनकोड किंवा आरोग्य केंद्राच्या हद्दीवर बेरजा करता. कावीळ आणि अतिसार मात्र ती हद्द पाळत नाहीत, ते पाण्याच्या टाकीची आणि व्हॉल्व्हची हद्द पाळतात. एका टाकीवरच्या वीस घरांतली कावीळ तीन प्रभागांत विभागली की कोणत्याच प्रभागात ती दिसत नाही. शिवाय कित्येकदा पत्त्याच्या रकान्यात रुग्णालयाचा पत्ता असतो आणि नकाशावर मोठ्या रुग्णालयाभोवती साथ उगवते. कोणते नळ कोणत्या टाकीवर आहेत, हे पाणी सोडणाऱ्या माणसाला आणि गल्लीतल्या बायकांना तोंडपाठ असते. त्यांना विचारायला तंत्रज्ञान लागत नाही.

इशाऱ्याच्या पातळीबद्दलही सांगायला हवे, कारण तिथे यंत्रणा स्वतःलाच फसवते. मागच्या पाच वर्षांतल्या त्याच आठवड्याची सरासरी काढायची, तिच्यात दोन प्रमाण विचलने (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) मिळवायची आणि रुग्ण त्यावर गेले की इशारा द्यायचा, ही रूढ रीत. समजा पाच वर्षांचे आकडे ८, १०, ९, ६१ आणि १२ आहेत. चौथ्या वर्षी साथ होती. हे वर्ष धरून इशाऱ्याची पातळी येते ६६. ते वगळले तर १३. म्हणजे यंदा ४० रुग्ण झाले तरी पहिल्या हिशेबाने सगळे आलबेल आहे. साथीचे वर्ष वगळायचे की मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) वापरायचा यावर मतभेद असू शकतात, पण काय केले ते छापलेलेच नसेल तर वाद तरी कशावर घालायचा?

व्याख्या बदलल्याचेही तसेच. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या हुबेई प्रांतात केवळ लक्षणे आणि तपासणीवरून निदान झालेले रुग्णही मोजायला घेतले, आणि एका दिवसात १४,८४० नवे रुग्ण दिसले. त्यातले १३,३३२ या नव्या व्याख्येचे होते. तिथे हे सांगितले गेले म्हणून कळले. स्थानिक पातळीवर चाचणीचा किट बदलतो, नवी खासगी प्रयोगशाळा नोंदी द्यायला लागते, संशयित आणि निश्चित एकत्र मोजले जातात, आणि आलेखावर साधी उभी रेघही मारली जात नाही. भारतात २००४ पासून चालत आलेल्या एकात्मिक रोग-सर्वेक्षण कार्यक्रमात लक्षणांवरून नोंद, डॉक्टरची नोंद आणि प्रयोगशाळेची नोंद यांसाठी एस, पी आणि एल असे वेगळे फॉर्म आले ते याचसाठी. एकच रुग्ण तिन्हींत असू शकतो. तिन्हींची बेरीज करून बातमी देणाऱ्याला दोष देण्याआधी, तक्त्याच्या डोक्यावर हे लिहिले होते का ते पाहावे.

राहिला गोपनीयतेचा मुद्दा. माहिती मागितली की पहिले उत्तर हेच मिळते, आणि ते निराधार नाही. अमेरिकेतल्या ८७ टक्के लोकांना केवळ टपालाचा क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग यांवरून एकटे पाडता येऊ शकते, असे माहितीच्या गोपनीयतेवर संशोधन करणाऱ्या लतान्या स्वीनी यांनी २००० मध्ये दाखवले होते. क्षयरोग किंवा एचआयव्हीच्या रुग्णाची ओळख फुटली तर त्याची नोकरी आणि घर दोन्ही जाऊ शकते. पण यावरचा उपाय जन्मतारखेऐवजी वयोगट देणे, पत्त्याऐवजी पुरेशा लोकसंख्येचा भाग देणे आणि पाचपेक्षा लहान आकडे झाकणे हा आहे. झाकताना एक चूक नेहमी होते. चार भागांची बेरीज २३ दिलेली असते, तीन भागांत ९, ७ आणि ५ दिसतात आणि चौथ्यात फुली असते. फुलीखाली २ आहे हे शाळकरी मूलही सांगेल. अशा वेळी आणखी एक रकाना झाकावा लागतो किंवा दोन भाग एकत्र करावे लागतात. हे सगळे करता येते. सगळेच कपाटात ठेवणे याला गोपनीयता म्हणत नाहीत.

आमच्याकडच्या लोकांचीही चूक कबूल करतो. संशोधक येतात, रक्त घेतात, प्रश्नावल्या भरून नेतात, आणि वस्तीला निष्कर्ष कळतो तो वर्तमानपत्रातून, तोही 'अमुक वस्ती हॉटस्पॉट' या मथळ्याने. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्वेक्षणाच्या नीतीविषयी १७ मार्गदर्शक सूत्रे दिली. ज्यांची माहिती घेतली त्या लोकांपर्यंत निष्कर्ष पोहोचवणे हे कर्तव्य त्यात आहे. ते तुम्हालाही लागू आहे आणि आम्हालाही.

तर मागण्या अशा.

साप्ताहिक तक्ता ठरलेल्या दिवशी, सीएसव्ही स्वरूपात (संगणकाला थेट वाचता येणारी साधी तक्त्याची फाईल), मागच्या सर्व आठवड्यांसह खुला ठेवा. पीडीएफ किंवा आलेखाचे चित्र नको, त्यातून आकडे पुन्हा हाताने टिपताना चुका होतात. तक्त्यात लक्षणे सुरू झाल्याचा आठवडा, भाग, वयोगट, लिंग, संशयित आणि निश्चित वेगवेगळे, एकूण चाचण्या, अपेक्षित केंद्रे, आलेले अहवाल, लोकसंख्या आणि तिचे वर्ष एवढे रकाने असावेत. निरंकला ० आणि न आलेल्याला वेगळी खूण.

पाण्यातून पसरणाऱ्या आजारांसाठी पाणीपुरवठा विभागाशी बसून टाकीनिहाय हद्दी ठरवा आणि नोंदीत टाकीचा क्रमांक घाला. पत्त्याच्या रकान्यात रुग्णाचे राहण्याचे ठिकाण आहे की रुग्णालयाचे, याची दर महिन्याला वीस नोंदी उचलून फोनवर खात्री करा.

व्याख्या, किट, अहवाल देणाऱ्या केंद्रांची यादी किंवा इशाऱ्याची रीत बदलली की तारखेसह एक ओळ लिहा.

इशारा गेल्यावर काय केले याचा रकाना जोडा. कोण गेले, कोणत्या दिवशी गेले, क्लोरीन किती निघाला, अळ्या असलेली घरे शंभरात किती होती. काही केले नसेल तर तेही लिहा.

अधिक बारीक माहितीसाठी आलेल्या संशोधन-अर्जावर ३० दिवसांत निर्णय द्या, नकार असेल तर कारण लेखी द्या, आणि निर्णय घेणाऱ्या समितीत ज्या वस्त्यांची माहिती आहे तिथल्या किमान दोन व्यक्ती मताच्या अधिकारासह असू द्या. मंजुरीची अट म्हणून निष्कर्ष आधी वस्तीत, तिथल्या भाषेत मांडायला लावा. ही अट आम्हाला मान्य आहे.

आणि नोंद घेणाऱ्या कार्यकर्तीला तिच्याच भागाचा तक्ता दर आठवड्याला एका पानावर परत पाठवा. आकडा चुकला असेल तर पहिले तिलाच कळेल.

यातले पुष्कळसे नव्या निधीशिवाय होण्यासारखे आहे. अपेक्षित केंद्रे आणि आलेले अहवाल हे दोन रकाने येत्या सोमवारच्या तक्त्यापासूनच वाढवता येतील. आम्ही तो तक्ता उघडून पाहणार आहोत.

आपले,
रोग-सर्वेक्षणाच्या माहितीवर काम करणारे काही जण